खुर्ची रिकामी पडत नाही, तेव्हा

“कसं होतं जेवण?”

बिलाचं फोल्डर टेबलावर ठेवता ठेवता त्या मुलाने विचारलं. वीस-बावीस वर्षांचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घाम, आणि लक्ष आमच्याकडे कमी, दाराशी ताटकळलेल्या माणसांकडे जास्त. ताई, भावोजी, भाची आणि मी, चौघंही जवळजवळ एका सुरात म्हणालो, “छान होतं.”

छान नव्हतं. पावणेदोन तास बाहेर उभं राहून आम्ही आत गेलो होतो. ज्या पदार्थासाठी ते ठिकाण तीन महिने सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं, तो तापलेल्या लोखंडी ताटलीत चरचरत, धूर काढत आला. शेजारच्या दोन टेबलांवरून फोन वर झाले. भाचीनेही व्हिडिओ घेतला. धूर ओसरला, ताईने पहिला घास तोंडात घातला आणि चमचा हळूच खाली ठेवला. मी काट्याने मधोमध उकलून पाहिलं. कडा करपलेल्या, आत गार. फ्रिजमधून काढलेल्या वस्तूचा हाताला लागतो तसा गारवा. सॉस आटून ताटलीच्या काठाला काळा, चिकट थर धरला होता आणि मीठ जिभेला झोंबत होतं. सूप आलं ते हा पदार्थ संपत आल्यावर.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खात राहिलो. जागा मी सुचवली होती. माझा हिरमोड होऊ नये म्हणून ताई-भावोजी काही बोलले नाहीत, आणि सगळ्यांना इथवर ओढून आणलं या ओशाळेपणाने मी बोलले नाही. निघताना त्या मुलाने एक छोटं कार्ड पुढे केलं. त्यावरचा कोड स्कॅन करून रेटिंग द्या, अशी विनंती केली आणि तिथेच उभा राहिला. ताईने फोन काढला, पाच तारे दिले. गाडीत बसल्यावर मात्र तिचं पहिलं वाक्य होतं, “पुन्हा नाही हं यायचं इथे.”

वाईट जेवण कुणाच्याही वाट्याला येतं. तेवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. मला छळते ती पुढची गोष्ट. चार माणसं निराश झाली आणि त्या निराशेची कुठेही नोंद झाली नाही. नोंद झाली ती पाच ताऱ्यांची. उद्या त्या ताऱ्यांच्या भरवशावर आणखी कुणी, कदाचित महिन्यातून एकदाच बाहेर जेवायला जाणारं एखादं कुटुंब, त्याच रांगेत उभं राहील. म्हणून हा मला खासगी नाराजीचा विषय वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की गाजलेल्या ठिकाणी विरस झालेल्या गिऱ्हाइकाने गप्प बसू नये. तिथे बोलणं हे तो मागून येणाऱ्यांचं देणं लागतो, आणि त्याला खरं बोलता येईल अशी वाट ठेवणं हे त्या ठिकाणाचं काम आहे.

साध्या, फारसं नाव नसलेल्या हॉटेलात एवढी जबाबदारी कुणावर येत नाही. का येत नाही, ते अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली केलेल्या मांडणीतून नीट कळतं. एखादी संस्था, दुकान किंवा पक्ष घसरणीला लागला की त्याच्याशी जोडलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असं त्याने दाखवलं: सोडून जाणं आणि बोलणं. साध्या हॉटेलात पहिली वाट पुरते. नेहमीची माणसं यायची थांबली की आठ-पंधरा दिवसांत मालकाच्या लक्षात येतं. कुणी तक्रार करायची गरजच पडत नाही, रिकामी खुर्चीच त्याला सगळं सांगते. मग तो स्वयंपाक्याला विचारतो, स्वतः चाखून पाहतो, काहीतरी बदलतो.

ज्या ठिकाणाचा गाजावाजा झालाय तिथे खुर्ची रिकामी पडतच नाही. आम्ही चौघं उठलो तेव्हा टेबल पुसणारा हात आमच्या पर्स उचलण्याआधी आला होता. आम्ही परत गेलो नाही, हे त्या मालकाला कधीच कळणार नाही, कारण आमच्या जागी बसायला बाहेर पन्नास माणसं उभी आहेत. ‘पुन्हा नाही यायचं’ हे वाक्य आम्हाला फार जोरकस वाटतं. त्याचा तिथे काडीचाही आवाज होत नाही. सोडून जाण्याची वाट निकामी झाली की मागे एकच उरते, बोलण्याची. आणि नेमकं तिथेच आपण “छान होतं” म्हणून उठतो.

रांग हटत का नाही, यावर पुष्कळ विचार झालेला आहे. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९९१ साली एक छोटं टिपण लिहिलं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये माशांच्या पदार्थांचं एक लोकप्रिय रेस्तराँ होतं, तिथे टेबलासाठी लांब रांग असायची. रस्त्याच्या पलीकडे तसंच दुसरं रेस्तराँ होतं, तिथे बरीच टेबलं मोकळी. मग पहिलं रेस्तराँ दर वाढवून रांग कमी का करत नाही, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं की अशा ठिकाणी माणसाची इच्छा इतरांच्या इच्छेवर उभी असते. रांग आहे म्हणून लोक येतात. दर वाढवून रांग घालवली तर येण्याचं कारणच जाईल. म्हणजे बाहेरची गर्दी हा धंद्याचा भाग आहे, आणि पावणेदोन तास फुटपाथवर उभे राहिलेले आम्ही चौघं त्या ठिकाणाची फुकटची जाहिरात करत होतो.

त्याहून जुना दाखला मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. १९६९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या फुटपाथवर माणसं उभी करून समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे नुसतं वर बघायला लावलं. एकटा माणूस बघत होता तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांतले ४ टक्के थांबले. पंधरा माणसं बघत होती तेव्हा ४० टक्के. खिडकीत बघण्यासारखं विशेष काहीच नव्हतं. मी या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या मागे येऊन उभं राहिलेलं तरुण जोडपं आठवलं. “इथे काय चांगलं मिळतं?” असं त्यांनी भावोजींना विचारलं होतं. भावोजी म्हणाले, “आम्हीही पहिल्यांदाच आलोय, पण गर्दी बघा ना.” ते दोघं थांबले.

आता आतली बाजू. त्या मुलाविषयी किंवा आत भट्टीशी उभ्या असलेल्या माणसांविषयी माझ्या मनात राग नाही, आणि तो का नाही हे सांगायला हवं. गाजावाजा झाला की पहिला बळी त्यांचा जातो.

बाहेरची गर्दी चौपट होऊ शकते, पण किचन चौपट होत नाही. शेगड्या तेवढ्याच, ओव्हनमध्ये जागा तेवढीच, हात तेवढेच. त्यात गाजलेला असतो तो बहुतेक वेळा एकच पदार्थ. बसलेल्या प्रत्येक टेबलाला तोच हवा असतो, कारण व्हिडिओत तोच होता. किचनमध्ये कामाची वाटणी असते. एका जागी भाजणं, एका जागी तळणं, एका जागी सॉस, एका जागी गोड. पन्नास केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकाच पदार्थाच्या आल्या की एक माणूस गळ्यापर्यंत बुडतो आणि शेजारचा मोकळा उभा असतो. वर घरपोच ऑर्डरींचं मशीन सारखं वाजत असतं. अशा वेळी कुठलंही किचन जे करतं तेच इथे होतं. वस्तू दुपारीच अर्धीमुर्धी शिजवून फ्रिजमध्ये रचून ठेवायची, आणि ऑर्डर आली की शेवटचा हात मारून पाठवायची. यात चूक काही नाही, चांगल्या किचनमध्येही पूर्वतयारी असतेच. फरक शेवटच्या टप्प्यात पडतो. आत ऊब पोहोचायला जी सहा-सात मिनिटं लागतात ती काढायला कुणाला सवड नसते. मग लोखंडी ताटली लालबुंद तापवायची, त्यावर वस्तू ठेवायची, वरून सॉस ओतायचा. सॉस तापल्या लोखंडावर पडला की चरचरतो, धूर निघतो. तो धूर ताटली किती तापली आहे एवढंच सांगतो. वर ठेवलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते त्या धुराला ठाऊक नसतं.

मिठाचंही तसंच. मोठ्या भांड्यातला सॉस दुपारी चाखून बरोबर केलेला असतो. तो संध्याकाळभर मंद आचेवर राहिला की पाणी उडत जातं आणि मीठ आहे तिथेच राहतं. सात वाजता आलेल्याला तो चविष्ट लागतो, साडेनऊला आलेल्याला झोंबतो. मध्ये कुणी चमचाभर चाखून पाणी घातलं असतं तर भागलं असतं. कुणाला वेळ नव्हता, आणि सात वाजता आलेल्यांनी मनापासून कौतुक केलं होतं. साडेनऊला आलेल्यांनीही “छान होतं” म्हटलं. मग आपला सॉस रोज साडेनऊला खारट होतो, हे त्या किचनला कळायचं कसं?

‘चव ही ज्याची त्याची, तुम्हाला नाही आवडलं म्हणून काय झालं,’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकलाय. एखाद्याला तिखट आवडतं, एखाद्याला नाही, इथवर तो बरोबर आहे. आतून गार राहिलेलं अन्न हा आवडीनिवडीचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या सूचनांमध्ये अन्न शिजवताना आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान गाठलं जावं आणि वाढेपर्यंत गरम अन्न ६० अंशांच्या वर असावं, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. मधल्या कोमट पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्या रात्री आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही. पण ते त्या ठिकाणाच्या दक्षतेमुळे टळलं, असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही.

मग ताऱ्यांना अर्थ काय? अर्थ आहे, आणि फार मोठा आहे, म्हणून तर आपलं खोटं ‘छान’ महागात पडतं. मायकेल लुका या अर्थतज्ज्ञाने सिएटलमधल्या रेस्तराँचे उत्पन्नाचे आकडे आणि येल्प या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचे तारे २०११ साली ताडून पाहिले. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्याला आढळलं, आणि तेही स्वतंत्र, एकुलत्या एका ठिकाणांचं. मोठ्या साखळ्यांवर ताऱ्यांचा असा परिणाम दिसला नाही, कारण त्यांची ओळख लोकांना आधीच असते. पुढच्या वर्षी अँडरसन आणि मॅग्रुडर यांनी सॅन फ्रान्सिस्कोबद्दल आणखी बारीक गोष्ट दाखवली. येल्प सरासरी काढून जवळच्या अर्ध्या ताऱ्यावर आणत असे. त्यामुळे जवळजवळ सारख्याच दर्जाची दोन रेस्तराँ, एक रेषेच्या किंचित वर आणि एक किंचित खाली, लोकांना अर्ध्या ताऱ्याच्या फरकाने दिसायची. ज्याच्या नशिबी तो अर्धा तारा जास्त आला, त्याची टेबलं पूर्ण भरून जाण्याचं प्रमाण १९ टक्के-अंकांनी जास्त होतं. अन्न तेच, आणि केवळ अर्ध्या ताऱ्यावर दारातली गर्दी ठरते! ताईने पाचवा तारा दिला तेव्हा तो भिडेपोटी दिला. पण तो रस्त्यापलीकडच्या एखाद्या मोकळ्या रेस्तराँच्या वाट्यातून गेला, जिथे कदाचित त्याच वेळी कुणी सॉस चाखून त्यात पाणी घालत असेल.

ताऱ्यांचं दुसरं दुखणं असं की ते देतं कोण. ऑनलाइन अभिप्रायांचा आलेख काढला की तो बहुतेक वेळा एका कडेला खूप उंच, दुसऱ्या कडेला थोडा उंच आणि मध्ये खोलगट निघतो. संशोधक त्याला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार म्हणतात. हर्षभरित झालेला माणूस लिहितो. संतापलेला लिहितो. ज्याला नुसतं ‘एवढं काही खास नव्हतं’ असं वाटलं, तो लिहीत नाही. आणि गाजलेल्या ठिकाणी निराश होणं म्हणजे नेमकी हीच मधली भावना. कुणाला विषबाधा झालेली नसते, कुणी अपमान केलेला नसतो. वाट पाहिली तेवढं पदरात पडलं नाही, इतकंच. यासाठी काय लिहायचं, असं वाटून माणूस फोन खिशात टाकतो. तीनशे माणसं असा फोन खिशात टाकतात, आणि सरासरी चार पूर्णांक काहीतरीवर ठाम उभी राहते.

बरं, ती सरासरी पहिल्या काही दिवसांत कशी बनली तेही पाहायला हवं. नवीन ठिकाण सुरू झालं की हजारो लोक ज्यांचे व्हिडिओ बघतात अशा मंडळींना बोलावणं जातं. ताट त्यांच्यासाठी वेगळं लावलं जातं, उजेड त्यांच्यासाठी ठरतो, किचन त्या वेळी रिकामं असतं. त्यांनी खाल्लेलं अन्न आणि मी खाल्लेलं अन्न एकच नव्हतं, हे मी अगदी खात्रीने सांगते. हा प्रश्न व्हिडिओंच्या आधीपासूनचा आहे. १९९३ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या रेस्तराँ-समीक्षक रूथ राइशेल यांनी ल सर्क या प्रतिष्ठित रेस्तराँबद्दल जे लिहिलं ते फार गाजलं. त्या तिथे कधी वेश बदलून, अनोळखी बाई म्हणून गेल्या, आणि त्यांची ओळख पटली तेव्हाचाही अनुभव त्यांनी घेतला. अनोळखी बाईला ताटकळावं लागलं, बरी जागा मिळाली नाही. ओळख पटताच जागा बदलली, वागणूक बदलली, ताटातला वाटासुद्धा मोठा झाला. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी मांडले आणि चार ताऱ्यांचं ते रेस्तराँ तीनवर आणलं. कसलेल्या समीक्षकांची शिस्त अशीच असते: नाव लपवून जायचं, बिल आपल्या हाताने भरायचं, एकाच फेरीवर मत बनवायचं नाही. रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशलां गाइडचे निरीक्षकही ओळख न देता जातात आणि पैसे भरून जेवतात. आज ज्यांच्या शब्दावर रांगा लागतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी यातलं काहीच पाळलेलं नसतं. चेहरा आधीच ओळखीचा, बिल नाही, आणि फेरी एकच.

आणि तरी सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. २०१७ साली लंडनमध्ये एका तरुण पत्रकाराने आपल्या अंगणातल्या शेडला रेस्तराँ म्हणून ट्रिपॲडव्हायझर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर चढवलं. रेस्तराँ अस्तित्वातच नव्हतं. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले, फोन आला की ‘सध्या जागा नाही’ म्हणून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते ‘रेस्तराँ’ लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा. त्याने एका रात्रीपुरतं ते खरंच उघडलं, बाजारात तयार मिळणारं जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करून वाढलं, आणि जेवून गेलेल्यांपैकी काहींनी पुन्हा कधी टेबल मिळेल अशी चौकशी केली. ती माणसं मूर्ख होती असं मला मुळीच वाटत नाही. एवढ्या लोकांनी वाखाणलंय म्हटल्यावर आपल्या जिभेवरचा विश्वास डळमळतो. मलाही त्या रात्री पहिला घास घेताना क्षणभर वाटलं होतं, की हे असंच असतं का? मला कळत नाहीये का? ताईने चमचा खाली ठेवला नसता तर मी कदाचित स्वतःची समजूत घातली असती.

खोट्या अभिप्रायांवर आता कायदे येत आहेत. युरोपीय संघाचे नियम मे २०२२ पासून लागू आहेत, भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला. हे सगळं हवंच. पण हे कायदे विकत घेतलेल्या शब्दांना हात घालतात. ताईचा अभिप्राय विकत घेतलेला नव्हता. ती खरी माणूस, खरं जेवून उठलेली, खऱ्या फोनवरून तिने तारे दिले. खोटी होती ती फक्त तिची पसंती, आणि ती पकडणारा कायदा कुठेच निघणार नाही.

ती खोटी का झाली? कारण तो मुलगा समोर उभा होता. या एका प्रथेविरुद्ध मला ठामपणे बोलायचंय. जेवून उठणाऱ्या माणसाला टेबलाशीच, वाढणाऱ्याच्या नजरेसमोर तारे द्यायला सांगणं बंद झालं पाहिजे. त्यात गिऱ्हाइकाची कोंडी होते आणि त्या मुलाचीही. किती कार्डं स्कॅन झाली यावर त्याचं मोल ठरत असेल, तर त्याच्या डोळ्यांत ती विनवणी येणारच, आणि ती विनवणी दिसत असताना तीन तारे देणारं काळीज फार थोड्यांचं. येल्पने तर व्यावसायिकांना अभिप्राय मागूच नका असं सांगितलेलं आहे. गूगलच्या नियमांनुसार खूश गिऱ्हाइकांकडूनच तेवढे निवडून अभिप्राय मागणं चालत नाही. नियम आहेत, पण ते टेबलापर्यंत आलेले नाहीत. कार्ड द्यायचंच असेल तर बिलासोबत द्या, घरी जाऊन लिहू द्या, आणि त्यावर ताऱ्यांच्या आधी एक साधा प्रश्न छापा: आज काय चुकलं?

गिऱ्हाइकाने बोलायचं म्हणजे काय, यावरही थोडं. आरडाओरडा करणं, वाढणाऱ्याला फैलावर घेणं, घरी जाऊन एक तारा आणि चार शिव्या टाकणं, याला मी बोलणं म्हणत नाही. एक तारा टाकणाऱ्याचा राग खरा असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि किचनलाही काही दुरुस्त करता येत नाही. ताटलीत वस्तू असतानाच, मधोमध उकलून, “हे आत गार आहे, जरा बघता का?” एवढं म्हणणं पुरेसं असतं. त्या क्षणी किचन ते बदलून देऊ शकतं. दुसरी ताटली येईपर्यंत भट्टीशी उभ्या माणसालाही कळतं की आपण मिनिटं वाचवतोय ती इथे कमी पडतायत. बिल भरून झाल्यावर मालकाच्या हातात पैसे परत देण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

आणि लिहायचं ते मधलं लिहायचं. वार, वेळ, काय मागवलं, काय बरं होतं, काय चुकलं. तीन तारे देणं हा कुणाचा अपमान नाही. लहान ठिकाणाच्या पोटावर पाय येईल, मालकाने कर्ज काढलेलं असेल, असं मनात येतं, आणि ते येणं चांगुलपणाचं आहे. नव्या ठिकाणाला स्थिरावायला महिना-दीड महिना द्यावा, शंका असेल तर आणखी एकदा जाऊन यावं, हे मला मान्य आहे. पण दया कुणावर करायची तेही पाहावं. रांगेतल्या ठिकाणावर केलेली दया पलीकडच्या रिकाम्या टेबलांच्या मालकाकडून वसूल होते. त्याच्याही डोक्यावर कर्ज असतं.

एका प्रामाणिक टीकेने चांगलं ठिकाण बुडतं, ही भीतीही मला अवाजवी वाटते. मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांनी २०१३ साली एका बातम्यांच्या संकेतस्थळावर वाचकांच्या प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक कृत्रिम मत देऊन पाहिलं. अनुकूल मत दिलेल्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. प्रतिकूल मत मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढलं. विषय जेवणाचा नव्हता, पण मला त्यातून एवढं दिसतं की अकारण ओढलेला ताशेरा लोक दुरुस्त करतात, आणि अकारण केलेली स्तुती तशीच वाढत राहते. काळजी करायची तर आपल्या ‘छान’ची करावी.

त्या जेवणानंतर आठवड्याने, दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे तिथे गर्दी नसणार अशा वेळी, मी त्या ठिकाणी फोन लावला. मॅनेजर बाई बोलल्या. मी नाव सांगितलं, वार सांगितला, पदार्थ आतून गार होता आणि सॉस खारट होता हे सांगितलं. मला वाटलं होतं की त्या माफी मागून फोन ठेवतील. त्यांनी विचारलं, “किती वाजता बसला होतात तुम्ही?” साडेनऊ, मी म्हटलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “साडेनऊचं मला आजवर कुणीच बोललं नाही. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमच्या मुलाने विचारलं होतं,” मी म्हटलं. “मीच छान म्हणाले.”

संध्याकाळी ताईला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने पाच तारे काढून तीन केले आणि खाली लिहिलं: शनिवार, रात्री साडेनऊ. वरून कडकडीत, आतून गार. सॉस खारट. वाढणारा मुलगा चांगला होता.